कूट आणि कुटाळकी

चारसहा स्नेह्यांनी मिळून एकमेकांस कोडी घालावीत, त्यांत एखादा राग, एखादा गवई, एखादे गाव किंवा एखादा शोध लपवावा, आणि तो हुडकून काढण्यात दोन घटका समाधान मानावे, ही हौस अलीकडे आमच्या शिकलेल्या कुटुंबांतून बरीच फैलावली आहे. जेवणाच्या पंगतीत, प्रवासात आणि मुख्यत्वेकरून हातातील फोनवरून ही देवघेव चालते. मुंबईचा मित्र सकाळी कोडे धाडतो, नागपूरचा दुपारी त्याचा अर्धा उलगडा करतो, आणि अमेरिकेत जाऊन राहिलेला तिसरा मध्यरात्री उठून उरलेला अर्धा सोडवितो.

गंभीर वृत्तीच्या मंडळींस हे रुचत नाही. त्यांचे आक्षेप तीन आहेत. पहिला असा की, हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. दुसरा असा की, कोणत्याही प्रश्नाचे उत्तर यंत्र क्षणार्धात देत असता डोके शिणविण्यात अर्थ उरलेला नाही. आणि तिसरा, जो संगीताचे अभिमानी विशेष आवेशाने मांडतात तो असा की, गाणे ही रसाची वस्तू आहे, तिची कोडी करणे म्हणजे देवाच्या मूर्तीने सोंगट्या खेळणे होय. हे तिन्ही आक्षेप लटके आहेत असे आमचे मत आहे, आणि ते का हे आम्ही सांगणार आहोत. परंतु या हौसेचे खरे वैरी तिच्या घरातच आहेत, आणि आमचा मुख्य रोख त्यांजवर आहे.

रिकामटेकडेपणाच्या आरोपाचे फार मनावर घ्यावयास नको. वात्स्यायनाने नागरकाच्या चौसष्ट कला मोजिल्या तेव्हा गीत आणि वाद्य यांच्याच पंक्तीत प्रहेलिकेस, म्हणजे कोड्यास, पाट मांडला. दंडीने काव्यादर्शात प्रहेलिकांचे सोळा प्रकार दिले, आणि त्यांचा उपयोगही सांगितला: गोष्टीत करमणूक, चारचौघांत जाणत्यांचे गुप्त बोलणे, आणि दुसऱ्यास चकविणे. व्यासांनी गणपतीच्या लेखणीस अडखळविण्यासाठी कूटश्लोक घातले ही कथा तर आपल्याकडे पोरासोरांस ठाऊक असते. आमच्या महाराष्ट्रात तुरेवाले आणि कलगीवाले शाहीर डफावर थाप मारून भेदिकाचे सवाल टाकीत, शिव श्रेष्ठ की शक्ती श्रेष्ठ यावरून पुराणांतील आणि अध्यात्मातील कूटे एकमेकांच्या गळ्यात बांधीत, आणि सारा गाव ती ऐकावयास रात्रभर बसे. तो गाव दिवसभर शेतात राबणारा होता. रिकामटेकडा म्हणण्याची सोय नाही.

दुसऱ्या आक्षेपात वरवर दम दिसतो, पण तो कोड्याचे स्वरूपच न समजल्यामुळे. आम्ही डॉक्टरास प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर त्याजपाशी असते आणि आम्हांस ते हवे असते. कोड्यात हे उलट आहे. तेथे विचारणारास उत्तर आधीच ठाऊक असते; त्यास ते कोणापासून मिळवावयाचे नसते. तेव्हा उत्तर ही या व्यवहारातील देवघेवीची वस्तूच नव्हे. एका मित्राने आपल्या मनातील एक वाट थोडी झाकून दुसऱ्यास दाखविलेली असते, आणि दुसऱ्याने ती पायांनी चालून पाहावयाची असते. अशा वेळी यंत्रास उत्तर विचारणारा मनुष्य फसवितो तो स्वतःस. आजची यंत्रे साध्या माहितीच्याच नव्हे तर कूटाच्याही उत्तरास हात घालू लागली आहेत हे आम्हांस ठाऊक आहे. घालोत बापडी. मोटार वेगाने धावते म्हणून पर्वतीच्या पायऱ्या चढणारे चढावयाचे थांबले नाहीत.

वस्तुतः यंत्राने एक उपकारच केला आहे. ज्याचे उत्तर केवळ पाठ असावे लागते असा प्रश्न त्याने निकालात काढिला. अमुक गवई कोणत्या साली जन्मला, अमुक मुद्रिकेच्या पाठीवर कोणते गाणे होते, हे विचारण्यात आता पुरुषार्थ राहिला नाही. मागेही फारसा नव्हता. उरले ते खरे कूट. त्याचा एक मासला येथे देतो.

गोव्यातील एका खेड्यात जन्मलेली एक बाई. मुंबईस नावारूपास आली. वयाची ८५ वर्षे पुरी करून तिने देह ठेविला, त्याच्या अकराच दिवस आधी तिचा आवाज प्रवासास निघाला, तो अजून चालतोच आहे. वाटेत कोणी भेटलेच, तर ‘कुठे निघालात?’ असे विचारणार तो आवाजच. आणि ज्यास विचारावयाचे तो मात्र जागचा हललेला नसेल.

यात पाठांतराची परीक्षा नाही. विचार करणारा म्हणतो: माणूस गेल्यावर आवाज उरतो तो मुद्रिकेत, मुद्रिका प्रवासास निघाली, आणि इतक्या वर्षांत कोठे पोचली नाही, म्हणजे वाट या पृथ्वीवरची नसावी. एवढे सुचले की १९७७ साल आठवते, अमेरिकेने सोडिलेली व्हॉयेजर याने आठवतात, आणि त्यांवर बसविलेली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आठवते. कार्ल सेगन आणि त्यांचे सहकारी यांनी निवडलेल्या जगभरच्या संगीतात आपल्या केसरबाई केरकर आहेत, भैरवी आहे, आणि चिजेचे नाव ‘जात कहाँ हो’ असे आहे. केसरबाई केरी गावच्या, जन्म १८९२ चा. ५ सप्टेंबर १९७७ रोजी व्हॉयेजर पहिले निघाले, आणि १६ सप्टेंबरास बाई वारल्या. २०१२ साली त्या यानाने सूर्याच्या वाऱ्याची हद्दही ओलांडली. जुळे यान त्याच्या सोळा दिवस आधीच निघाले होते अशी हरकत एखादा काटेकोर मित्र घेईल. ती हरकत रास्त आहे, आणि अशी हरकत घेणारा मित्र ज्याच्या मंडळीत आहे तो कोडेकार भाग्यवान समजावा.

हे कोडे सुटल्यावर काय होते ते पाहण्यासारखे आहे. सोडविणारा ती भैरवी काढून ऐकतो. आजपर्यंत दहा वेळा ऐकली असेल तरी अकराव्यांदा निराळ्या कानाने ऐकतो, कारण ‘कुठे निघालात’ हा लाडिक सवाल आता त्यास निर्जन आकाशात उभा दिसतो. कोड्याने त्यास गाण्यापाशी नेऊन सोडले आणि आपण बाजूस झाले. चांगल्या कोड्याची पारख आम्ही एवढ्यावरूनच करितो.

म्हणूनच तिसरा आक्षेप, संगीत ही कोड्यांची वस्तू नव्हे हा, आम्हांस मुळातूनच मान्य नाही. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने प्रहेलिका रसास आड येते म्हणून तिला अलंकारांतून बाहेर काढिले, हे खरे. काव्याच्या मध्यावर कोडे आले तर रस अडतो हे त्या पंडिताचे म्हणणे आम्ही नाकारीत नाही. पण संगीताची गोष्ट निराळी आहे, कारण आपले संगीत अंगानेच कूटप्रिय आहे. सदारंग, अदारंग, प्रेमपिया, गुणीदास या मुद्रा चिजांत गुंफून रचनाकार आपले खरे नाव झाकतात आणि त्याच क्षणी सांगतातही. दक्षिणेत ७२ मेळांच्या नावांत तर अंकच दडविले आहेत. ‘मेचकल्याणी’ घ्या. कटपयादी गणनेत म म्हणजे ५ आणि च म्हणजे ६. उलट वाचिले की ६५, आणि कल्याणीचा मेळ ६५ वाच. शंकराभरणाच्या डोक्यावर ‘धीर’ ही पगडी घातली ती एवढ्यासाठीच: ध म्हणजे ९, र म्हणजे २, मेळ २९ वा. अल्लादियाखाँसाहेबांच्या परंपरेतील गवई बसंती केदार गातो तेव्हा बसंत कोठे सरला आणि केदार कोठे लागला, हे समोरच्यास घातलेले कोडे नव्हे तर काय आहे? तिहाई सुरू झाली की श्रोता मान डोलावीत मनात समेचा हिशेब करितो, आणि तो बरोबर आला की हात आपोआप पडतो. रस आटला असे कोणास वाटले आहे?

युरोपातही हेच आहे. बाखचे १७४६ चे जे प्रसिद्ध चित्र आहे त्यात त्याच्या हातात एक कागद आहे. त्यावर तीनच ओळी लिहिल्या आहेत, गाणारे मात्र सहा. उरलेले तीन स्वरमार्ग पाहणाराने शोधावयाचे. मित्झलर नावाच्या विद्वानाने संगीतशास्त्रज्ञांचे एक पत्रमंडळ काढिले होते, त्यात १७४७ साली बाख दाखल झाला, आणि हे कूट त्या मंडळासाठीच होते. म्हणजे आमच्या आजच्या मित्रमंडळांचे पूर्वजच म्हणावयाचे. एल्गारने १८९९ मध्ये ‘एनिग्मा’ ही १४ रूपांची रचना केली, प्रत्येक रूपात कोणा ना कोणा स्नेह्याचे चित्र काढिले, आणि वर त्यांची आद्याक्षरे अगर एखादे टोपणनाव तेवढे ठेविले. एका रूपात तर मित्राचा कुत्रा नदीत पडून पोहत काठास येतो. मूळ स्वरकल्पनेमागे आणखी एक मोठे, न वाजविलेले गाणे आहे असे सुचवून तो १९३४ साली निघून गेला. त्याचा सर्वांस पटेल असा उलगडा अद्याप कोणी केलेला नाही. कोडे सुटले नाही म्हणून ते संगीत कोणी टाकून दिले काय?

असो. आक्षेपकांचा निकाल लागला. आता घरच्या मंडळींकडे वळू.

पहिला अपराधी तो, ज्यास दुर्बोध आणि कूट यांतील अंतर कळत नाही. त्याचे कोडे साधारणतः अशा धर्तीचे असते: ‘हत्ती, पाऊस आणि तिसरा मजला, गवई ओळखा.’ मंडळी तीन दिवस डोके खाजवितात. चौथ्या दिवशी मोठ्या ऐटीत उत्तर येते: हत्तीवरून ऐरावत, ऐरावतावरून इंद्र, इंद्रावरून पाऊस, पावसावरून मल्हार, आणि तो मल्हार अमुक बुवांनी एका तिसऱ्या मजल्यावरील बैठकीत गाइला होता, जेथे कोडेकार स्वतः हजर होता! याला आम्ही कुटाळकी म्हणतो. येथे दुसऱ्यास वाट दाखविण्याचा हेतूच नाही. कोडेकार आपल्या घरात कडी लावून बसला आहे आणि लोक दार ठोठावतात याचा त्यास आनंद होत आहे. दंडीनेही आपल्या सोळा प्रकारांनंतर पूर्वाचार्यांनी सांगितलेल्या चौदा दुष्ट प्रहेलिकांचा उल्लेख केला आहे, आणि दोष अगणित म्हणून त्यांच्या वाटेस तो गेला नाही. आजची काही मंडळे पाहता चौदांत भागेल असे दिसत नाही.

इंग्रजी शब्दकोड्यांचा इतिहास या बाबतीत बोध घेण्यासारखा आहे. पहिले शब्दकोडे १९१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात आर्थर विन याने छापिले. ते साधे होते. इंग्लंडात १९२६ पासून ‘टॉर्कमाडा’ या टोपणनावाने मॅथर्स नावाचा कवी ऑब्झर्व्हर पत्रात अतिशय अवघड कूटे देऊ लागला. त्याच्यामागून १९३९ मध्ये मॅकनट हा जुन्या भाषांचा शिक्षक ‘झिमेनीझ’ नावाने त्या गादीवर आला. (दोन्ही नावे स्पेनातील धर्मपीडक न्यायाधीशांची, इंग्रजांचा विनोद!) या मॅकनटने १९६६ साली ग्रंथ लिहून नियम घालून दिला: कोड्यात उत्तराचे अचूक लक्षण असावे, ते ज्या रीतीने घडले त्याचा प्रामाणिक सुगावा असावा, आणि याहून जास्त एक शब्दही नसावा. म्हणजे कोडेकाराने चकवावे, पण खोटे बोलू नये. उत्तर कळताच सोडविणाराने कपाळावर हात मारून ‘अरे, हे तर समोरच होते’ असे म्हटले पाहिजे. ‘असे होय?’ असे तो म्हणाला तर कोडेकार नापास.

या भेदाचा निवाडा आपल्याकडे न्यायमंदिरातही झालेला आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. मोठमोठ्या बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे एके काळी इतके पेव फुटले की मुंबई सरकारास १९४८ साली त्यांवर नियंत्रणाचा आणि कराचा कायदा करावा लागला, आणि १९५५ च्या केंद्रीय कायद्याने महिन्याकाठी एकंदर हजार रुपयांवरील बक्षिसांस बंदी झाली. बंगळूरहून निघून मुंबई राज्यात खपणाऱ्या एका पत्राच्या कोड्यांचा वाद १९५७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. एकाच जागी दोन शब्द सारखेच शोभत असता, ठरविणाराच्या मनातील शब्दाशी ज्याचा शब्द जुळला तो जिंकला, असा जेथे प्रकार असेल तेथे कौशल्य नाही, जुगार आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. तिसऱ्या मजल्यावरील हत्ती या कसोटीस लावून पाहावा. फरक इतकाच की तेथे पैसा जात असे, येथे मित्रांचा उत्साह जातो.

दुसरा अपराधी याहून सभ्य दिसतो आणि म्हणून अधिक घातक आहे. हा ओळखणारा. बैठकीत गवयाने षड्ज लावून दोन स्वर घेतले न घेतले तोच हा शेजाऱ्याच्या कानात रागाचे नाव टाकतो, नाव बरोबर आले की मागे रेलतो, आणि पुढचा पाऊण तास त्याचे काम नसल्यासारखा घड्याळाकडे पाहतो. कोड्यांच्या नादाने संगीताचे सर्वात मोठे नुकसान होते ते या माणसामुळे. त्याच्या लेखी राग म्हणजे एक पाटी. ती वाचली की दुकानात शिरण्याचे कारण नाही. पण रागाचे खरे कोडे नाव कळल्यावर सुरू होते. एक मासला घ्या: सामान तेच पाच नगांचे. सकाळी धनी वरच्या मजल्यावर बसतो, दिवेलागणीनंतर खालच्या. आणि शेजारी त्यास दोन नावांनी ओळखतात. उत्तर भूप आणि देशकार. स्वर दोहोंस तेच, सा रे ग प ध. परंतु भूपात गंधार वादी आणि विस्तार पूर्वांगाचा. देशकारात धैवत वादी आणि सारा डौल उत्तरांगाचा. हे कोडे सुटले तरी संपत नाही. तेच पाच स्वर घेऊन एक राग शांत का वाटतो आणि दुसरा उजळ का, याचे उत्तर शब्दांत द्यावयास बसा, म्हणजे रात्र पुरणार नाही. मारवा, पूरिया आणि सोहनी या त्रयीचेही असेच आहे. ओळखणाराने या दारातून आत जावयाचे की उंबऱ्यावरची पाटी वाचून परत फिरावयाचे, एवढाच प्रश्न आहे.

तिसऱ्या अपराधात आम्हां सर्वांचाच वाटा आहे. ‘सामान्यज्ञान’ हा शब्द आम्हांस बरेच दिवस खटकत आला आहे. सामान्य कोणाचे? कोडे घालणाराच्या शाळेत, त्याच्या इंग्रजी पुस्तकांत, त्याने पाहिलेल्या चित्रपटांत जे आहे ते सामान्य, बाकीचे अज्ञान. सुटीत नातवंडे एकत्र जमून विलायती वाद्यवृंदांची कोडी घालीत असतात, आणि कोपऱ्यात आजी निवडण-टिपण करीत गप्प बसलेली असते. तिला जात्यावरच्या पन्नास ओव्या चालीसह येतात. माहेरच्या ओव्यांची चाल निराळी आणि सासरच्यांची निराळी हेही ती गाऊन दाखवील. हुमाणे आणि उखाणे तर तिच्या जिभेवर आहेत. कोड्याच्या खेळात तिच्या तोडीचे त्या घरात कोणी नाही, आणि तिलाच कोणी पानावर बोलावीत नाही! परीक्षेच्या पुस्तकांतील चार पर्यायांचे प्रश्न मुलांकडून घोकून घेणारे आईबाप या आजीकडे पाहत नाहीत याचे आम्हांस विशेष वाईट वाटते. कारण ती गेल्यावर तिच्या ओवीची चाल कोणत्याही यंत्रास विचारून मिळणार नाही. ती कोठे नोंदविलेलीच नसते. मुलांनी एका संध्याकाळी तिला एवढेच विचारून पाहावे, ‘आजी, तू कोडे घाल.’ पहिली दोन कोडी त्यांस सुटणार नाहीत, आणि तिसऱ्यास ती हसून सुगावा देईल. कारण सुगावा केव्हा द्यावा हे तिला ठाऊक असते.

आमच्या मित्रमंडळांनी आपली कोडी धाडण्यापूर्वी एकदा स्वतःस विचारावे की, हे सुटावे अशी आपली इच्छा आहे काय. ज्याची ती नाही त्याने खुशाल गप्प बसावे. मंडळाचे काही अडणार नाही. आणि ज्यास सुटले त्याने उत्तर चारचौघांत ओरडण्यापूर्वी अडलेल्या मित्रास अर्धी वाट दाखवावी. शाहिरांच्या फडात सवाल जिंकण्यासाठी असे. स्नेह्यांच्या मंडळात तो शर्यतीचा असण्याचे कारण नाही.

इतके लिहून वाचकांस रिकाम्या हाताने धाडणे बरे नव्हे, तेव्हा एक कोडे त्यांच्या स्वाधीन करितो. मुंबईच्या एका वकिलाने संस्कृतात संगीताचा एक ग्रंथ लिहिला, पण त्यावर नाव घातले दुसऱ्याच एका पंडिताचे. पुढे त्याने मराठीत गुरुशिष्यांच्या संवादाचे खंडच्या खंड लिहिले आणि त्यांवर तिसरे नाव घातले. आणि या मराठी ग्रंथात तो त्या संस्कृत पंडिताचा आधार मोठ्या आदराने घेतो, जणू कधी भेट झालेली नाही. तिन्ही माणसे एकाच पगडीखाली राहत होती. त्या वकिलाचे नाव सांगावे, आणि पंडिताचेही. चतुर वाचकांस अधिक सुगावा देण्याचे कारण नाही.